पत्र जपलंत, पाकीट कुठे गेलं?

आजोबांची पत्रं सापडली, असं सांगणारे फोन मला अधूनमधून येतात. आजोबा कधी डॉक्टर असतात, कधी पाटबंधारे खात्यातले इंजिनिअर, कधी कॉलेजात रसायनशास्त्र शिकवणारे. घरच्यांनी पत्रं तारखेवार लावून प्लास्टिकच्या फाइलीत घातलेली असतात. मी विचारते, "आणि पाकिटं?" बहुतेक वेळा उत्तर ठरलेलं असतं. पाकिटं रद्दीत गेली, नाहीतर तिकिटं कापून नातवाला दिली.

मी टपाल खात्यात नोकरी केली. आधी काउंटरवर, मग सॉर्टिंगच्या टेबलावर, शेवटी सबपोस्टमास्तर म्हणून. निवृत्त झाल्यापासून जुनी पाकिटं जमवणं आणि वाचणं हेच माझं काम आहे. म्हणून स्पष्टच सांगते. शास्त्रज्ञ, डॉक्टर, इंजिनिअर, अध्यापक यांच्या आयुष्यावर संशोधन करायचं असेल, तर पाकीट हे पत्राइतकंच अस्सल साधन आहे, आणि ते आपण आपल्याच हातांनी नष्ट करत आहोत.

पत्रात माणूस सांगायचं ते सांगतो आणि लपवायचं ते लपवतो. पाकिटावर त्याचा अधिकार चालतो तो पत्ता लिहून तिकीट चिकटवेपर्यंतच. पुढे त्यावर अनोळखी माणसांचे हात फिरतात. कोणी शिक्का मारतो, कोणी रेल्वेच्या डब्यात उभ्याने सॉर्टिंग करतो, कोणी रजिस्टर पत्राला नंबर देतो. पत्ता बदलला असेल तर कारकून लाल शाईने नवा पत्ता लिहितो. दाराला कुलूप दिसलं तर पोस्टमन मागच्या बाजूला तारीख टाकून शेरा मारतो, आणि जुन्या मुंबई इलाख्यात हा शेरा पुष्कळदा मोडीत असे. यांपैकी कोणालाही त्या माणसाच्या चरित्राशी काही देणंघेणं नव्हतं. म्हणूनच त्यांची साक्ष मला मोलाची वाटते.

हा माझा एकटीचा छंदिष्टपणा नाही. चार्ल्स डार्विनच्या पत्रव्यवहाराचे तीस खंड केंब्रिजमधून १९८५ ते २०२३ या काळात प्रसिद्ध झाले. त्यांत सुमारे पंधरा हजार पत्रं आहेत. डार्विन पुष्कळ पत्रांवर पूर्ण तारीख लिहीत नसे. नुसता वार, नाहीतर दिवस आणि महिना. वर्षाचा पत्ता नाही. अशा पत्रांचं साल ठरवताना संपादकांनी मजकुरासोबत कागदावरचं जलचिन्ह पाहिलं, छापील पत्ता पाहिला आणि जिथे उपलब्ध होता तिथे टपालाचा शिक्का पाहिला. एखादा विचार डार्विनच्या मनात अमुक साली होता की नव्हता, यावर विद्वानांचे वाद झडतात. तिथे कुठल्याशा खेड्यातल्या टपाल कारकुनाने मारलेला गोल शिक्का निकाल देऊन जातो.

आपल्याकडे या विषयाची सुरुवात खरं तर टपाल कचेरीतूनच व्हायला हवी. डॉ. आनंदीबाई जोशी यांचे पती गोपाळराव हे टपाल खात्यातले कारकून. कल्याण, अलिबाग, कोल्हापूर, भूज, कलकत्ता, बंगालमधलं श्रीरामपूर असा त्या दांपत्याचा प्रवास खात्याच्या बदल्यांनी ठरवला. न्यू जर्सीतल्या रोझेल गावच्या थिओडिशिया कार्पेंटर यांनी गोपाळरावांचं एका मिशनरी मासिकात छापलेलं पत्र वाचलं आणि १८८० साली त्यांनी आपणहून लिहिलं. पुढे पत्रव्यवहार वाढत गेला, मावशी-भाचीचं नातं जुळलं. १८८३ च्या एप्रिलमध्ये आनंदीबाई कलकत्त्याहून बोटीत बसल्या, जूनमध्ये न्यूयॉर्कला उतरल्या आणि ११ मार्च १८८६ रोजी फिलाडेल्फियाच्या विमेन्स मेडिकल कॉलेजातून डॉक्टर झाल्या. भारतीय स्त्रीच्या वैद्यकीय शिक्षणाचा हा सगळा इतिहास टपालाच्या थैलीतून गेलेला आहे. समुद्रापलीकडच्या बाईला पत्र कसं पाठवायचं, किती तिकीट लावायचं, इंग्लंडची मेल कोणत्या दिवशी सुटते, हे गोपाळरावांना नोकरीमुळेच ठाऊक असणार. आनंदीबाईंवर कादंबरी लिहिली गेली, नाटक झालं, चित्रपट झाला. गोपाळरावांचा स्वभाव उलटसुलट तपासून झाला. त्यांची कारकुनी मात्र कोणी नीट पाहिली नाही. त्या काळच्या त्या त्या कचेरीचे शिक्के आणि बदल्यांच्या तारखा शेजारी शेजारी ठेवून कोणी तरी हा भाग पुन्हा लिहावा, अशी माझी फार इच्छा आहे.

टपालाचा वेग हा शास्त्राचाही वेग होता. रोनाल्ड रॉस यांना २० ऑगस्ट १८९७ रोजी सिकंदराबादेत डासाच्या जठरात मलेरियाचे परजीवी दिसले. त्यांचे मार्गदर्शक पॅट्रिक मॅन्सन लंडनला. दोघांमध्ये शंभराहून अधिक पत्रं गेली-आली. आठवड्याची मेल मुंबईहून सुटायची, बोटीवरच सॉर्टिंग व्हायचं. १८६८ पासून पहिल्या महायुद्धापर्यंत 'सी पोस्ट ऑफिस' नावाची ही तरंगती कचेरी चालू होती आणि तिचे शिक्के आजही पाकिटांवर सापडतात. रॉसनी विचारलेल्या प्रश्नाला उत्तर यायला सव्वा महिना तरी लागायचा. तोवर डास मेलेले, रुग्ण घरी गेलेले, कधी स्वतः रॉसची बदली झालेली. प्रयोगाच्या वहीत ही वाट पाहणं कुठेच लिहिलेलं नसतं. ते सुटल्याच्या आणि पोचल्याच्या दोन शिक्क्यांमध्ये असतं.

रामानुजनचं उदाहरण सगळ्यांना माहीत आहे, पण त्यातला पैशाचा भाग पाहा. मद्रास पोर्ट ट्रस्टच्या हिशेब खात्यात महिना तीस रुपयांवर काम करणाऱ्या या तरुणाने १६ जानेवारी १९१३ ही तारीख घालून केंब्रिजचे गणितज्ञ हार्डी यांना पत्र लिहिलं. हार्डींचं उत्तर ८ फेब्रुवारीचं. मधल्या दिवसांतले निम्म्याहून अधिक रेल्वेत आणि बोटीत गेले. लेखक सी. पी. स्नो यांनी पुष्कळ वर्षांनी त्या प्रसंगाचं वर्णन करताना मोठ्या, अव्यवस्थित आणि हिंदुस्थानी तिकिटं लावलेल्या पाकिटाचा उल्लेख आवर्जून केला. आता तिकिटांकडे माझ्यासारखीच्या नजरेने बघा. १८९८ च्या नाताळपर्यंत विलायतेच्या पत्राला अडीच आणे पडत. त्या नाताळपासून साम्राज्यांतर्गत पेनी टपाल सुरू झालं आणि मूळ दर एक आण्यावर आला. सूत्रांनी भरलेल्या त्या जाड पत्राला वजनाप्रमाणे जास्त तिकिटं लागली असणार, तरी ती रक्कम कारकुनाच्या आवाक्यातली होती. हाच तरुण वीस वर्षं आधी जन्मला असता, तर त्याला पत्र टाकताना दोनदा विचार करावा लागला असता. शास्त्राच्या इतिहासात टपालाच्या दराचं स्थान काय, असं मला कोणी विचारलं की मी हे सांगते.

पण मोठ्या माणसांची काळजी घ्यायला मोठ्या संस्था असतात. माझा जीव अडकला आहे तो ज्यांची नावं कोणत्याही कोशात नाहीत अशा माणसांत.

पुण्याच्या जुन्या बाजारात मला एकदा मूठभर पाकिटांचा गठ्ठा मिळाला. आत पत्र एकही नाही. विकणाऱ्याने तिकिटं साधी आहेत म्हणून स्वस्तात दिला. सगळी पाकिटं एकाच माणसाच्या घरची होती, रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका डॉक्टरांच्या. त्यांचं नाव मी लिहीत नाही. त्यांचे वंशज आहेत आणि घरातल्या गोष्टी चारचौघांत सांगायचा अधिकार त्यांचा आहे.

सगळ्यात जुनं पाकीट १९२६ सालचं. गावाहून मुंबईच्या एका वसतिगृहात आलेलं, पत्ता मराठीत, नावाआधी 'रा. रा.'. वर एक आण्याचं तिकीट. पुढच्या एका पाकिटावर शिक्का इतका पुसट की साल वाचता येत नाही. पण तिकीट सव्वा आण्याचं. पत्राचा दर एक आण्याचा सव्वा आणा झाला तो १९३१ च्या अखेरीस, म्हणजे पाकीट त्यानंतरचं. आणि आता नावाआधी 'डॉ.' आहे, नावापुढे इंग्रजीत 'एल. सी. पी. एस.' आहे. मुंबईच्या कॉलेज ऑफ फिजिशियन्स अँड सर्जन्सची ही परीक्षा. तालुक्याच्या गावी दवाखाने थाटलेले कितीतरी डॉक्टर ही परीक्षा दिलेले होते. पत्ता त्याच जिल्ह्यातल्या एका बाजारपेठेच्या गावचा. म्हणजे मुलगा मुंबईला शिकला आणि आपल्या मुलखात परत आला.

त्यानंतरचं एक साधं रॅपर मला सगळ्यात प्रिय आहे. मासिकाभोवती गुंडाळतात तसा कागदाचा पट्टा, वर लंडनचा शिक्का आणि 'ब्रिटिश मेडिकल जर्नल' हे छापील नाव. अशी रॅपर्स लोक फाडून टाकतात, म्हणून ती दुर्मीळ असतात. तिकीटवाल्यांना त्यांची किंमत नसते. मला त्यात असा एक डॉक्टर दिसतो, ज्याच्या गावात वीज नव्हती, पक्का रस्ता नव्हता, आणि जो पदरचे पैसे मोडून विलायतेचं वैद्यकीय नियतकालिक मागवत होता. हे त्याने कुठल्याही पत्रात लिहून ठेवलं असतं असं मला वाटत नाही. स्वतःच्या अभ्यासाबद्दल घरी कोण लिहितं?

मुंबईच्या एका औषध विक्रेत्याकडून आलेली रजिस्टर पाकिटं त्या गठ्ठ्यात होती. रजिस्टर पाकिटाच्या मागे वाटेतल्या कचेऱ्यांचे शिक्के असतात, म्हणून ती रॅपरपेक्षा जास्त बोलतात. उन्हाळ्यातलं पाकीट किनाऱ्याच्या बोटीने चटकन आलेलं आहे. पावसाळ्यात बोटी बंद होत. जुलैतल्या पाकिटाच्या मागे कोल्हापूरचा शिक्का आहे, म्हणजे टपाल घाटावरून फिरून खाली उतरलं, आणि दिवस जवळजवळ दुप्पट लागले. पावसाळा हाच तापाचा, जुलाबाचा आणि सर्पदंशाचा हंगाम, आणि नेमकं तेव्हाच औषधांची यादी मुंबईला पोचायला आणि माल यायला सगळ्यात जास्त वेळ. कोकणातल्या आरोग्यसेवेवर जाडजूड ग्रंथ लिहिणाऱ्यांनी त्या दोन पाकिटांवरच्या तारखा शेजारी ठेवून पाहाव्यात.

मग एका पाकिटावर गावचा पत्ता तांबड्या शाईने खोडलेला आहे आणि बाजूला 'मोंबासा' लिहिलेलं आहे. पोस्टमास्तरांच्या हातचं अक्षर. डॉक्टर आफ्रिकेला गेले होते. ब्रिटिश पूर्व आफ्रिकेत हिंदुस्थानी डॉक्टरांना मागणी होती, आणि आपल्याकडून गेलेले ते एकटे नव्हते. महर्षी कर्वे यांचे चिरंजीव डॉ. शंकर कर्वे यांनीही मोंबासात व्यवसाय केला. यानंतरची पाकिटं केनिया, युगांडा आणि टांगानिका यांच्या सामाईक तिकिटांची. आधी मोंबासा, मग व्हिक्टोरिया सरोवराच्या काठचं किसुमू. पत्ता गावचा, नाव पत्नीचं, आधी 'सौ.'. युद्ध सुरू झाल्यावर पाकिटाच्या कडेला सेन्सॉरने उघडून चिकटवलेली पट्टी येते. पाकिटं विरळ होत जातात. १९४४ चं एक आहे, तेही 'सौ.'. त्यानंतरचं पाकीट १९४६ चं, मुंबईहून कोणा नातेवाइकाचं, आणि त्यावर बाईंच्या नावाआधी 'गं. भा.' असं लिहिलेलं आहे.

ते वाचून मी बराच वेळ पुढे गेले नाही.

पुढे वंशजांशी गाठ पडली. घरात सांगत असत की आजोबा युद्धाच्या सुरुवातीलाच तिकडे वारले. पाकिटांनी त्यांना आणखी चार-पाच वर्षांचं आयुष्य परत दिलं. मृत्यूचा काळ पाकिटांवरून ठरवून मी थांबले नाही. मुंबई मेडिकल कौन्सिलची नोंदवही आणि केनिया गॅझेटमध्ये छापल्या जाणाऱ्या परवानाधारक डॉक्टरांच्या याद्या ताडून पाहिल्या. काळाशी काळ जुळला.

स्त्रियांच्या बाबतीत तर पाकीट आणखीच महत्त्वाचं. आपल्याकडे बाईचं नाव आयुष्यात एकदा बदलतं, कधी दोनदा. संशोधक जुन्या नावाने शोधतो आणि त्याला बाई अर्ध्यावर नाहीशी झालेली दिसते. कमला भागवत १९३३ साली बंगळूरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये गेल्या, १९३९ साली त्यांनी केंब्रिजची पीएच.डी. मिळवली. लग्नानंतर त्या कमला सोहोनी झाल्या. दिल्ली, कुन्नूर आणि मुंबई इथे त्यांनी काम केलं. अशा बाईंच्या नावे आलेल्या पाकिटांवर कोण 'मिस' लिहितं, कोण 'मिसेस', कोण आठवणीने 'डॉ.', आणि कोण नवऱ्याच्या नावाने 'केअर ऑफ' घालतं, हे बघण्यासारखं असतं. माझ्याकडे एका विज्ञानाच्या प्राध्यापिकेची काही पाकिटं आहेत. परदेशातल्या प्रयोगशाळांकडून आलेल्या प्रत्येक पाकिटावर 'डॉ.' आहे. इथल्या एका शासकीय कचेरीने मात्र वर्षानुवर्षं 'सौ.' लिहून पुढे यजमानांचं नाव घातलं. पीएच.डी. यजमानांची नव्हती. बाईंनी याबद्दल कधी तक्रार केली का, ते मला कळणार नाही. पण समाज त्यांना कोणत्या नावाने हाक मारत होता, याचा छापील आणि शिक्का मारलेला पुरावा माझ्या कपाटात आहे. डॉ. रखमाबाई यांच्यासारख्या, सुरत आणि राजकोटला आयुष्य घालवलेल्या डॉक्टरांच्या नावाची पाकिटं कुणाच्या घरी असतील, तर ती जपा, असं मी हात जोडून सांगेन.

युद्धाच्या काळातलं टपाल हे स्वतंत्र प्रकरण आहे. मालवणचे शंकर पुरुषोत्तम आघारकर हे वनस्पतिशास्त्रज्ञ १९१४ मध्ये जर्मनीत होते. महायुद्ध सुरू होताच ब्रिटिश प्रजाजन म्हणून ते तिथे अडकून पडले. बर्लिनची पदवी घेऊन ते युद्धानंतर परतले आणि पुढे १९४६ साली पुण्यात महाराष्ट्र विज्ञानवर्धिनी उभी केली. शत्रूच्या देशातून मायदेशी आलेल्या टपालावर सेन्सॉरचा शिक्का असतो, तटस्थ देशातून वळसा घेतल्याच्या खुणा असतात. युद्धकैद्याच्या पत्राला तिकीट लागत नसे, आणि तिकीट नसणं हाही तिथे पुरावा ठरतो. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ च्या सप्टेंबरात चीनला गेले. त्यांच्या वैद्यकीय पथकात नागपूरचे डॉ. चोळकरही होते. पथक कँटनमार्गे हँकाऊला गेलं आणि त्याच ऑक्टोबरात ही दोन्ही शहरं जपानच्या हाती पडली. म्हणजे ज्या वाटेने पथक आत गेलं, ती वाट टपालाला राहिली नाही. कोटणीस पुढे येनान आणि तिथून उत्तर चीनच्या आघाडीवर गेले आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी तिथेच वारले. त्या चार वर्षांत सोलापूरला आलेल्या प्रत्येक पाकिटाची वाट नकाशावर काढली, तर युद्धाचा नकाशा आपोआप तयार होईल.

संस्थांचा इतिहासही पाकिटांवर चालताना दिसतो. टाटा इन्स्टिट्यूट ऑफ फंडामेंटल रिसर्च १९४५ मध्ये बंगळूरला सुरू झाली, त्याच वर्षअखेर मुंबईत पेडर रोडवरच्या 'केनिलवर्थ' बंगल्यात आली, १९४९ मध्ये अपोलो बंदराजवळच्या जुन्या यॉट क्लबात गेली आणि १९६२ मध्ये कुलाब्याच्या आजच्या इमारतीत. त्या काळातल्या एखाद्या गणितज्ञाच्या नावाचं पाकीट कोणत्या पत्त्यावर आलं, एवढ्यावरून ते कोणत्या काळातलं हे ठरवता येतं. पत्त्यात शेवटी नुसतं 'मुंबई ४' असेल तर पाकीट बहुधा १९७२ च्या आधीचं, सहा आकडे असतील तर नंतरचं. १५ ऑगस्ट १९७२ रोजी पिनकोड आला, आणि तो आखणारे श्रीराम भिकाजी वेलणकर हे टपाल खात्यातले अधिकारी आणि संस्कृतचे कवी. गिरगावचं ४००००४ हे त्या जुन्या 'मुंबई ४'लाच पोटात घेऊन आहे. आमच्या खात्यातल्या माणसाची ही आठवण सांगताना मला नेहमी अभिमान वाटतो.

पाकीट फसवतही. संग्राहकांनी मुद्दाम तयार करून स्वतःलाच पाठवलेली पाकिटं पुष्कळ असतात. प्रसिद्ध शास्त्रज्ञाचं नाव, नीट मधोमध लावलेली महागडी तिकिटं आणि स्वच्छ शिक्का असा सुरेख मेळ दिसला की मी सावध होते. खरं टपाल सहसा इतकं देखणं नसतं. एका पाकिटात दुसरंच पत्र घातलेलंही आढळतं, कधी घरच्यांच्या हातून, कधी विक्रेत्याच्या. पाकीट पोचलं म्हणजे पत्र वाचलं गेलं असंही नाही. म्हणून विद्यापीठाची जुनी कॅलेंडरं, टाइम्स ऑफ इंडियाची आणि थॅकरची डिरेक्टरी, सरकारी नोकरांच्या याद्या, यांच्याशी ताडून पाहिल्याशिवाय पाकिटावरून निष्कर्ष काढू नये. आणि डॉक्टर किंवा वकिलाच्या नावाने आलेल्या पाकिटावर पाठवणाऱ्याचं नावही असतं. तो रुग्ण असेल, अशील असेल. ते नाव छापायचं नाही, हा नियम मी कधी मोडलेला नाही.

आता रागाची गोष्ट. एका जुन्या, नावाजलेल्या संस्थेला एका प्राध्यापकांच्या कुटुंबाने त्यांचा आयुष्यभराचा पत्रव्यवहार दिला. तो पाकिटांसकट होता, कारण घरातल्या बाईंनी प्रत्येक पत्र वाचून परत त्याच्या पाकिटात घालून ठेवलं होतं. संस्थेने पत्रं सपाट केली, छान पुठ्ठ्यांत बांधली आणि पाकिटं जागा खातात म्हणून काढून टाकली. त्यातल्या कितीतरी पत्रांवर तारीखच नव्हती. आता त्यांचं साल कोणी सांगू शकणार नाही. दुसऱ्या एका ठिकाणी पत्रं स्कॅन करायचं मोठं काम चाललं होतं. पाकिटाची पुढची बाजू घेत होते, मागची नाही. पोचल्याचा शिक्का मागेच असतो, हे त्यांना कोणी सांगितलेलं नव्हतं. या लोकांचा हेतू वाईट नव्हता, हे मान्य करूनही मला हे अक्षम्य वाटतं. पैसा उभा करून, इमारत बांधून, माणसं नेमून आपण पुरावा नाहीसा करत असू, तर अभिलेखागार कशासाठी?

तिकडे द हेगच्या, सतराव्या शतकातल्या सिमॉन द ब्रिएन नावाच्या पोस्टमास्तरांची पेटी आहे. पोचू न शकलेली अडीच हजारांहून अधिक पत्रं तिच्यात जपलेली आहेत, आणि त्यांतली सहाशेच्या आसपास कधी उघडलीच गेली नाहीत. २०२१ मध्ये संशोधकांनी त्यांतलं १६९७ सालचं एक पत्र क्ष-किरणांच्या साहाय्याने, घडी न मोडता वाचून दाखवलं. घडीसुद्धा पुरावा आहे, म्हणून ती मोडायची नाही, असा त्यांचा आग्रह. आणि आपण कात्री घेऊन बसतो.

तिकीट जमवणाऱ्या माझ्या बांधवांनाही दोन शब्द. आपण सगळे लहानपणी पाकिटाचा तुकडा पाण्यात भिजवून तिकीट सोडवायला शिकलो. साध्या तिकिटाला बाजारात आज काही किंमत नाही. तेच तिकीट मूळ पाकिटावर, वाचता येणाऱ्या शिक्क्यासह आणि पत्त्यासह असेल, तर ते इतिहासाच्या कामाचं आहे. विक्रेते एकाच घरचा गठ्ठा फोडून वेगवेगळ्या गिऱ्हाइकांना विकतात, कारण तसे पैसे जास्त मिळतात. माझ्या त्या डॉक्टरांचा गठ्ठा फुटला असता, तर 'सौ.' एका शहरात आणि 'गं. भा.' दुसऱ्या शहरात गेलं असतं. गठ्ठा फोडू नका. फोडायचाच असेल तर आधी सगळ्या पाकिटांचे फोटो एकत्र काढून ठेवा.

विद्यापीठांकडे माझी मागणी साधी आहे. इतिहासाच्या आणि ग्रंथालयशास्त्राच्या विद्यार्थ्यांना मोडी शिकवता, तसे टपालाचे दर, शिक्के आणि मार्ग वाचायला शिकवा. टपाल खात्यातून निवृत्त झालेली, जुन्या शिक्क्यांची ओळख असलेली माणसं अजून आहेत, त्यांना वर्गात बोलवा. आम्ही फार दिवस असणार नाही. २०१३ मध्ये तार गेली. २०२५ मध्ये रजिस्टर पोस्ट ही स्वतंत्र सेवा स्पीड पोस्टात विलीन झाली. आजचा शास्त्रज्ञ ईमेल लिहितो आणि त्याचा मागोवा घेण्याच्या रीती वेगळ्या असतील, त्या नवे लोक शोधतील. पण साधारण १८५४ पासून विसाव्या शतकाच्या अखेरपर्यंतच्या आपल्या डॉक्टरांचा, इंजिनिअरांचा, शिक्षकांचा माग पाकिटांवर आहे, आणि ती पाकिटं दर दिवाळीच्या साफसफाईत कोणाच्या तरी माळ्यावरून खाली येत आहेत.

तुमच्या घरी असा गठ्ठा निघाला, तर पत्र पाकिटातून काढण्याआधी दोघांवर पेन्सिलीने एकच क्रमांक घाला. पाकिटाच्या दोन्ही बाजूंचे फोटो काढा. रबरबँड, स्टेपलची पिन आणि चिकटपट्टी वापरू नका. वाचून झालं की पत्र त्याच पाकिटात परत ठेवा, आणि संस्थेला द्यायचं ठरवलंत तर पाकिटं टाकली जाणार नाहीत, असं त्यांच्याकडून लेखी घ्या.